कॅसेट संपायची तिथून पुढे

आमच्या घरी हेवी मेटल कायम हळू आवाजात वाजलं. डोंबिवलीत दोन खोल्यांची जागा, टेपरेकॉर्डर ज्या खोलीत त्याच खोलीत आजीची खाट, बाबांना रात्रपाळी असली की दिवसा त्यांची झोप, आणि भिंतीपलीकडे दरवर्षी कुणाची ना कुणाची दहावी. दादाने भरून आणलेल्या कॅसेटी लागायच्या त्या आवाजाचं बटण जेमतेम एकच्या पुढे सरकवून. ज्या गाण्यांत तोफा, घोडदळ आणि नरकाची दारं, ती गाणी आम्ही पंख्याच्या घरघरीतून कान देऊन ऐकली.

आजी नाट्यसंगीतावर वाढलेली. एकदा आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन वरच्या पट्टीत जाऊन ठाण मांडून बसला होता, तेव्हा तिने अडकित्ता थांबवून ती तान पुरी ऐकली आणि म्हणाली, "गळा चांगला आहे रे. पण ह्याला दुखतंय कुठे?" दादा रुसून बसला. त्यानंतर मी या बँडवर छापून आलेलं बरंच काही वाचलं. आजीइतकं नेमकं कुणी लिहिलेलं सापडलं नाही.

अस्सल कॅसेट घेण्याची ऐपत नव्हती. दादा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जायचा, कव्हरं उलटीपालटी करून गाण्यांची नावं वहीत उतरवायचा आणि हात हलवत परत यायचा. माल मिळायचा माटुंग्याला, त्याच्या एका मित्राकडे, ज्याचे काका दुबईहून कॅसेटी आणत. कोरी टीडीके नव्वद न्यायची आणि दोन्ही बाजू भरून आणायच्या. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. त्यात एक अल्बम बसला तर बसला.

'पॉवरस्लेव्ह' बसत नव्हता. मेडनचा १९८४चा हा अल्बम आहे एकावन्न मिनिटांचा आणि त्यातलं सर्वांत लांब गाणं, पावणेचौदा मिनिटांचं, अगदी शेवटी. इंग्रज कवी कोलरिजची म्हाताऱ्या खलाशाची कविता आहे ना, १७९८ची, तिच्यावर बेतलेलं. खलाशी विनाकारण एक अल्बट्रॉस पक्षी मारतो, वारा पडतो, जहाज भर समुद्रात जागच्या जागी उभं, प्यायला थेंब नाही. गाण्यातही इथे बाकीची वाद्यं गप्प होतात. बेस गिटारचे सुटे सुटे स्वर, जहाजाच्या लाकडांची करकर, आणि खर्जात कुणीतरी कवितेच्या ओळी म्हणतंय. एकेक खलाशी डेकवर कोसळतोय. दोनशे माणसं. आणि खट्. बाजू संपली. टेपचं बटण उडून वर यायचं.

तो खलाशी माझ्या लेखी कित्येक वर्षं तिथेच अडकून पडला होता. त्याचा शाप पुढे सुटतो हे मला कळलं बीएच्या वर्गात, कविता अभ्यासाला लागली तेव्हा. गाण्यातही सुटतो हे कळलं त्याच्याही नंतर, दादाच्या कॉम्प्युटरवर एमपीथ्री आल्या तेव्हा. पण सवय लागली ती लागली. पूर्ण गाणं ऐकतानाही त्या जागेला मी अंग चोरून बसायचे, आता खट् होणार म्हणून.

मुंबईत त्या काळी रॉक समोर बसून ऐकायचं म्हणजे धोबी तलावचं रंगभवन. सरकारी खुलं नाट्यगृह. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा देशी बँडांचा मेळा तिथे भरायचा. दादा ऑगस्टच्या पावसात भिजून, घसा बसवून, चपलेचा एक पाय हरवून घरी यायचा. मला परवानगी नव्हती. "तिथे आपल्यातल्या मुली जात नाहीत," या बाबांच्या वाक्यावर अपील नव्हतं. रंगभवनाला लागून झेवियर्स कॉलेज आणि जवळच कामा रुग्णालय. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आले. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला, आणि रंगभवन त्यात आख्खंच्या आख्खं बुडालं. माझ्या हातात स्वतःचा पगार आला, आता कोण अडवतंय असं वाटलं, तेव्हा तिथला आवाज बंद झाला होता. खाटेवरच्या पेशंटच्या बाजूने पाहिलं तर नियम बरोबरच आहे. राग आला तो आलाच.

मग १७ मार्च २००७. आयर्न मेडन बंगळूरला, पॅलेस ग्राउंड्सवर. दादा एव्हाना एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यात होता. सतरा मार्च! इयर एंडिंग! त्याने रजेचा अर्ज लिहिलासुद्धा नाही. त्या आठवड्यात वहिनीने त्याला घरात कुणी काही बोलायचं नाही असा नियमच केला.

वर्ष सरता सरता बातमी आली की त्यांचा नवा जागतिक दौरा सुरूच मुंबईपासून होणार. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुल. डिकिन्सन तेव्हा पेशाने वैमानिकही होता. त्या दौऱ्यासाठी त्यांनी एका बोइंग ७५७मधली बरीच आसनं काढून तिथे सामान भरलं होतं, आणि विमान चालवायला हाच. गाणारा माणूस स्वतः विमान हाकत लंडनहून येतोय, आणि आम्ही दोघं भावंडं डोंबिवलीच्या फलाटावर, कुर्ल्याला फास्ट थांबते की नाही यावर वाद घालतोय.

दादा तेव्हा अडतिशीचा. डोक्यावरचे केस गेलेले, कमरेचा मणका सरकलेला, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेला रुंद पट्टा टी-शर्टवरून बांधलेला. माझ्याकडे काळा टी-शर्ट नव्हता. ऑफिसचाच काळा कुर्ता घातला आणि ओढणी पर्समध्ये कोंबली. गेटवर झडती. नाणी काढून घेत होते, कारण लोक स्टेजवर भिरकावतात. पेन गेलं, अत्तराची कुपी गेली. मग माझ्या पिशवीतून थालीपिठांचा डबा निघाला. "मॅडम, स्टीलचा डबा आत नाही सोडणार. इथंच खाऊन घ्या," बायकांच्या रांगेवरची सुरक्षारक्षक म्हणाली. आम्ही कडेला उभं राहून खाल्लं, तिलाही दिलं. अर्धं खाऊन झाल्यावर तिने लोणचं नाही का आणलं म्हणून विचारलं. डबा तिच्याच खुर्चीखाली ठेवून आम्ही आत गेलो.

आत धूळ. एवढ्या बुटांनी एकदम तुडवल्यावर ते मैदान गुडघ्यापर्यंत वर आलं होतं, आणि वारा फिरला की मिठी नदी आपण किती जवळ आहोत ते सांगत होती. जिकडे पाहावं तिकडे काळे टी-शर्ट आणि त्यांवर एडी, या बँडचं ते दात विचकणारं भूत. शिलाँगहून आलेली पोरं होती. पुण्याची तर ट्रक भरून असावीत. बायका शोधाव्या लागत होत्या. माझ्यापुढे एक केसाळ मुलगा उभा होता, सहा फुटी, त्याने वळून पाहिलं आणि जागा करून देत म्हणाला, "काकू, तुम्ही पुढे या. इथून तुम्हाला काही दिसणार नाही." मी तेहतीस वर्षांची होते. अपमान गिळला आणि जागा घेतली.

दिवे गेले. स्पीकरवर चर्चिल आला. ४ जून १९४०चं भाषण, आम्ही किनाऱ्यांवर लढू, शरण जाणार नाही, ते. पहिल्या गाण्याआधी ते वाजवायची त्यांची जुनी रीत आहे, कारण गाणं ब्रिटनच्या आकाशातल्या लढाऊ विमानांचं. आजूबाजूची पोरं शब्दन् शब्द बरोबर म्हणत होती. बेचाळीसची धरपकड ज्याच्या कारकिर्दीतली, बंगालचा दुष्काळ ज्याच्या कारकिर्दीतला, त्याच्या आवाजावर मुंबईत हजारो जण मुठी वर करून आरोळ्या ठोकताहेत. मला खटकलं. नीट खटकून होईपर्यंत भाषण संपलं, सगळा प्रकाश एकदम अंगावर आला, आणि मीही ओरडत होते.

आता त्या आवाजाबद्दल. गणपतीतल्या डीजेच्या भिंतीसमोरून मी कैकदा गेले आहे, छातीत हादरणं मला नवं नव्हतं. पण तिथे एकच एक धप्पा असतो. खिडक्यांची तावदानं आणि आपल्या बरगड्या यांत तो फरक करत नाही. इथे खालचा आवाज सुटा सुटा ऐकू येत होता. ड्रमची लाथ वेगळी, बेसचा स्वर वेगळा, आणि दोन्ही चालताहेत, वळताहेत, एकमेकांना वाट देताहेत. या गाण्यांना तळमजला आहे हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

याचं कारण अगदी साधं आहे, नंतर वाचल्यावर समजलं. बेस गिटारची सर्वांत जाड तार कंप पावते सेकंदाला एक्केचाळीस वेळा. असा स्वर हवेतून जातो तेव्हा त्याच्या एका लाटेची लांबी आठ मीटरच्या वर भरते. आमची डोंबिवलीची खोली दहा बाय बाराची, तीही फुटांत. टेपच्या चार इंची स्पीकरला एवढी हवा ढकलताच येत नाही. तो त्या स्वराचे वरचे पडसाद तेवढे वाजवतो, आणि गंमत अशी की आपला मेंदू त्या पडसादांवरून खालचा स्वर स्वतःच्या पदरचा घालून पुरा करतो. आपण बेस ऐकला असं आपल्याला वाटतं. नाटकाचं पुस्तक वाचून प्रयोग पाहिल्याचं समाधान मानावं, तसं मी इतकी वर्षं करत आले होते.

आणि या संगीताचा जीव तर खालीच. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी तुटली. तो डावखुरा, त्यामुळे गिटारच्या तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून वाजवू लागला. तार सैल केली की स्वर उतरतो. १९७०ला त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली तबकडी आली आणि पुढच्या पोरांना कळलं की जड वाजवायचं म्हणजे काय.

मेडनचा बेसवाला स्टीव्ह हॅरिस. १९७५ला बँड उभा केला तो त्यानेच. तो तारा छेडायची चकती न वापरता बोटांनी वाजवतो, आणि त्याची ती प्रसिद्ध घोडदौड, एक लांब दोन आखूड, एक लांब दोन आखूड, आम्ही टेपवर नुसती टकटक म्हणून ऐकली होती. समोर ती टकटक होतीच, पण तिच्याखाली घोडाही होता. पाय स्टेजच्या कडेच्या स्पीकरवर, गिटार बंदुकीसारखी गर्दीवर रोखलेली, आणि स्वतः प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द ओठांनी म्हणत. माईक नसतानाही. तेव्हाचा ड्रमवाला निको मॅकब्रेन मात्र दिसतच नव्हता. त्याचा ड्रमचा पसारा एवढा की आत माणूस आहे हे मधूनच उडणाऱ्या काठीवरून ओळखायचं. मेटलचे बहुतेक ड्रमवाले खालच्या मोठ्या ड्रमला दोन्ही पाय लावतात. हा एकाच पायावर भागवायचा. दादा दर गाण्याला माझ्या कानात तोंड घालून किंचाळत होता, "एक पाय! फक्त एक!" जणू तो पाय त्यानेच शिकवून तयार केलाय.

सगळंच आवडलं असं नाही. यॅनिक गेर्स गिटार गळ्याभोवती गरगर फिरवतो, वर फेकतो, पाय ताणून नाचतो. त्यात वाजवणं किती आणि कसरत किती, मला कळलं नाही. दोन-तीन गाणी आटोपती घेतली असती तर बिघडलं नसतं. एडी आला तो आठ-दहा फुटी पुतळा, आत माणूस, स्टेजभर पाय फेकत हिंडला. पोरं वेडी झाली. मला दहिहंडीच्या मिरवणुकीतला राक्षस आठवून हसू आवरेना.

पण गर्दीचं गाणं! 'फिअर ऑफ द डार्क'ला लोक शब्द गातात तेवढं समजू शकते. ते गिटारची सुरावटही गातात. शब्द नसलेली, सबंध, ओ-ओ करत. कुणी शिकवलं नाही, पण सगळ्यांना पाठ. वाजवणारे हात थांबवून ऐकत होते. मी मागे वळून पाहिलं तर हात हलत होते ते एकदम नव्हेच. पुढच्यांचे हात वर तेव्हा फार मागच्यांचे अजून खाली. आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास पोचतो, म्हणून शंभर मीटर मागच्या माणसाला तोच ठोका पाव सेकंदाहून जास्त उशिरा मिळतो. त्या मैदानात ठोका चालत जाताना डोळ्यांना दिसत होता.

आणि ते लांब गाणं. सुरुवातीचे दोन स्वर पडले तसा दादाने पट्टा घट्ट केला. पक्षी मेला. वारा पडला. स्टेजवर धूर सोडला, दिवे मंद निळे झाले, वाद्यं गप्प. लाकडांची करकर मैदानभर पसरली, आणि मघापासून धक्काबुक्की करणारी ती सगळी पोरं जागच्या जागी उभी. कवितेच्या ओळी आल्या. माणसं पडू लागली. ती जागा जवळ येत होती आणि माझे खांदे आपोआप वर चढत होते, तेवढ्यात माझ्या डाव्या खांद्यावर कुणीतरी अंगठा जोरात दाबला. टेपचं बटण दाबावं तसा. दादा. स्टेजकडेच बघत होता. एवढ्या वर्षांत त्या खट्बद्दल आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नव्हतो.

गाणं थांबलं नाही. बेस हळूहळू वर येऊ लागला, त्याला ड्रम येऊन मिळाले, ते वाढत वाढत एका टोकाला गेले आणि तिथून डिकिन्सनने अशी काही किंकाळी फोडली की आजीचा प्रश्न आठवला. दुखत होतं खरं. आम्ही दोघं इतक्या वेड्यासारखे उड्या मारत होतो की मघाचा केसाळ मुलगा दोन्ही हात आडवे करून आमच्यामागे उभा राहिला. काकू पडू नयेत म्हणून. त्याचे उपकार मी मानलेच पाहिजेत. दादाचा मणका पाहता दोघं पडलो असतो तर उचलायला स्ट्रेचर लागलं असतं.

दहाच्या आत खेळ खलास. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम गरब्याला आहे तसा सैतानालाही आहे. डबा खुर्चीखाली जागेवर होता, बाई मात्र ड्यूटी संपवून गेलेली. रिक्षा मिळेना, कुर्ला स्टेशनपर्यंत चालत गेलो, एकमेकांशी ओरडून बोलत, कारण ऐकू येत नव्हतं. कानात कापूस घातला होता मी, शहाणपणा म्हणून. कापसाने काही होत नाही. फोमची बुचं मिळतात केमिस्टकडे, ती घ्या. पंच्याऐंशी डेसिबल कान आठ तास सोसतो असा हिशेब आहे, पण पुढच्या दर तीन डेसिबलला ती मुदत निम्म्याने घटते. शंभरला उरतात पंधरा मिनिटं. माझ्या कानातली शिट्टी शनिवारी दुपारपर्यंत वाजत होती.

त्या दौऱ्यावर पुढे माहितीपट निघाला, २००९मध्ये. त्यातलं पहिलं गाणं मुंबईचं घेतलंय, चर्चिलच्या मागोमाग येणारं. दादाने त्याची डीव्हीडी मिळवली आणि गर्दीचं एक दृश्य थांबवून ठेवलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे डावीकडून येणाऱ्या प्रकाशात जे गोल चकाकतंय ते त्याचं टक्कल, आणि खाली आडवी पांढरी रेघ दिसते तो कमरेचा पट्टा. मला ती कुणाची तरी बॅग वाटते. आमचा यावर दर दिवाळीला वाद होतो, फ्रेम पुढेमागे करून. वहिनीच्या मते तो खांब आहे.